शेऱ्याचा रकाना

एकवीस वर्षं मी नारीन रेडिओवर हवामान वाचलं.
घाट बंद, घाट सुरू, रात्री उणे अठ्ठावीस.
ऐकणाऱ्याचं तोंड कधी पाहिलं नाही.
समोर काच, काचेपलीकडे तंत्रज्ञ मारात,
आणि मी तीन सेकंद गप्प राहिले
की त्याच्या अंगठीची टकटक काचेवर:
बाई, मेलात की काय?

आता अध्यापक विद्यालयात बोलणं शिकवते,
मंगळवारी आणि गुरुवारी, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे हीटर माझ्यापेक्षा जास्त बोलतो.
होणाऱ्या मास्तरांना सांगते:
श्वास पोटातून घ्या. शब्दाचं शेपूट खाऊ नका.
फळ्याशी बोलू नका, फळ्याला सगळं येतं.

बाकीच्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.
उल्जानचं उलटं.
तिचे सगळे उन्हाळे सोन-कुलच्या कुरणावर गेलेले,
या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या भावाला
जेवायला हाक मारण्यात.
पहिल्या दिवशी तिने नुसतं सलाम म्हटलं
तर खालून हिशेबनीस धावत वर आला,
काय पडलं विचारायला.

मी म्हटलं, पोरी, वर्गात घोडे नसतात.
ती म्हणाली, घोड्यांवर कुठे ओरडते मी?
जवळ गेलं की आवाज आपोआप खाली येतो.
मला वाटलं, उलट उत्तर देते आहे.

फेब्रुवारीत तिचा सराव पाठ.
नदीपलीकडची शाळा, तिसरीचा वर्ग,
एकतीस मुलं, कोट अंगातच.
मी शेवटच्या बाकावर, गुडघे फळीला टेकलेले,
मांडीवर तक्ता: उच्चार पाच गुण, आवाज पाच,
नजर पाच, हातवारे पाच.
शेजारी एल्दियार.
त्याच्या बाई दारातच कानात म्हणाल्या होत्या,
याला काही विचारू देऊ नका,
मूग गिळून बसतो, वेळ जातो.

उल्जानने विचारलं:
नदी कडेला गोठते. मधोमध का नाही गोठत?
आणि थांबली.

दोन. कुणीतरी नाक ओढलं.
चार. पहिल्या रांगेतल्या हुशार मुलीचा हात वर,
उल्जानने पाहिला, मान हलवली, घेतला नाही.
सहा. माझ्या घशात खवखव.
सात. मारातची अंगठी माझ्या कानात.
आठला मी मागूनच सांगणार होते,
मुलांनो, वाहतं पाणी...
नऊ. छपरावरून बर्फ घसरला.
दहा. ती टेबलामागून पुढे आली,
शेगडीजवळ उकिडवी बसली.
अकरा.

"तिला जायचं असतं."
एल्दियार बाहीशी बोलला.

शाब्बास नाही, टाळ्या नाहीत.
उल्जान म्हणाली, "कुठे?"
इतक्या खालच्या आवाजात
की हिशेबनीस शेजारी असता तरी त्याला कळलं नसतं.
आणि पुन्हा थांबली.

तेव्हा अख्खा वर्ग मागे वळला,
त्याच्याकडे. म्हणजे माझ्याकडेही.
तीस तोंडं.
एकाचा दात पडलेला, एकीच्या ओठाला जॅम,
एक जण कान झाकणारी टोपी वर सारून.
घाट बंद म्हणताना
ही अशी दिसत असतील का माणसं,
चहा हातात धरून, रेडिओकडे मान करून?

एल्दियारने नदी कुठे जाते ते सांगितलं.
चुकीचं सांगितलं. पण पाच वाक्यं सांगितलं.

आवाजापुढे मी पाच लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले.
शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा.
त्यात मावलं तेवढं लिहिलं: अकरा सेकंद.
प्राचार्य विचारणार,
म्हणजे काय, पोरगी उशिरा आली?

गुरुवारी माझ्या वर्गात मी प्रश्न विचारला
आणि तोंड मिटलं.
हीटर बोलत होता.
माझ्या हातात अंगठी नाही,
तरी बोट टेबलावर वाजायला लागलं.
दुसऱ्या हाताने धरून ठेवलं.

चारपर्यंत जमलं.